कुत्र्याच्या वाटीतली वनस्पतिजन्य पूरकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं घरात कुत्री आहेत आणि त्यांचं निम्मं खाणं घरीच शिजतं. सकाळी फिरायला निघालं की बाकीचे कुत्रेवाले गाठून तेच तेच विचारतात: हळद घालता का, जवस चालतं का, अमुक पावडर कशी आहे. दर वेळी उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवलं. मी डॉक्टर नाही. आजारी कुत्र्याचं निदान इथे शोधू नका.

वनस्पतिजन्य पूरक म्हणजे नक्की काय?

रोजच्या खाण्यात थोडीशी मिसळायची, झाडापासून मिळालेली वस्तू: बी, मूळ, डिंक, तेल, तंतू, अर्क. शेवाळ आणि यीस्ट काटेकोर अर्थानं वनस्पती नव्हेत, पण डब्यांवर त्यांची गणती यातच होते, म्हणून इथेही धरली आहेत.

मनात दोन ढीग वेगळे करा. काही पूरकं खाण्यातली उणीव भरतात, उदाहरणार्थ शेवाळाच्या तेलातलं डीएचए (ओमेगा-3 चा एक प्रकार) किंवा तंतू (फायबर). काही औषधासारखी दिली जातात, उदाहरणार्थ हळद किंवा सालई गुग्गुळ. पहिल्या ढिगाला विचारायचं, ‘मुळात उणीव आहे का?’ दुसऱ्याला विचारायचं, ‘दुखणं काय आहे, आणि याचा उपयोग होतो हे कशावरून?’ निम्मे डबे या दोन प्रश्नांतच गळतात.

कुत्रा मांसाहारी ना? त्याला झाडपाला पचतो का?

मांजरासारखा पक्का मांसाहारी नाही. 2013 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की स्टार्च पचवणारं अमायलेज ज्या जनुकामुळे बनतं, त्याच्या लांडग्यात 2 प्रती असतात आणि कुत्र्यात 4 ते 30. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याचा हा परिणाम. हस्कीसारख्या थंड प्रदेशातल्या जातींत या प्रती तुलनेनं कमी असतात.

पण कुत्र्याच्या लाळेत अमायलेज जवळजवळ नसतं. सगळं काम स्वादुपिंड आणि लहान आतडं करतं, आणि चावून खाण्याची तर त्याला सवयच नाही. म्हणून गाजराचा तुकडा किंवा अख्खं बी जसं गेलं तसंच बाहेर येतं. शिजवलेलं, दळलेलं, किसलेलं पचतं.

आम्ही तयार खाद्य देतो. वरून काही द्यावं लागतं का?

पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित’ असं लिहिलेलं असेल आणि कुत्रा धडधाकट असेल, तर नाही. त्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं आधीच घातलेली असतात. वरून मल्टिव्हिटॅमिन ओतलं तर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जास्त होण्याची भीती असते, आणि ड जीवनसत्त्वाचा अतिरेक थेट किडनीवर येतो. फार तर ओमेगा-3 किंवा थोडे तंतू, तेही कारण असेल तर. पाकिटावर ‘पूरक आहार’ किंवा ‘खाऊ’ लिहिलेलं असेल तर मात्र ते एकट्यानं पुरणारं खाद्य नव्हे, हे लक्षात घ्या.

मी घरी शिजवून घालते. काय कमी पडत असेल?

बहुतेक वेळा काहीतरी पडतंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी 2013 मध्ये घरगुती खाण्याच्या 200 पाककृती तपासल्या. त्यातल्या 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता. त्या काही लोकांच्या डोक्यातून आलेल्या नव्हत्या, पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या होत्या.

सगळ्यात जुनी चूक कॅल्शियमची. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. धान्य-कडधान्यांतही तीच गत. कुत्र्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण 1:1 ते 2:1 या प्रमाणात लागतं. हे बिघडलं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतं. ‘पालक घालतो ना’ हे उत्तर मी शंभरदा ऐकलं आहे. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटनं बांधलेलं असतं, फारसं हाती लागत नाही. समुद्रातल्या चुनखडीयुक्त लाल शेवाळाची भुकटी हा वनस्पतींच्या जवळचा एक खरा पर्याय आहे, पण तीही मोजून द्यायची.

त्याखालोखाल जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व. ही सगळी अंदाजपंचे भरता येत नाहीत. पशुआहारतज्ज्ञाकडून एकदा पाककृती तपासून घ्या आणि मग ती बदलू नका. ‘आज हे नव्हतं म्हणून ते घातलं’ असं वर्षभर झालं की मूळ पाककृती कुठल्या कुठे गेलेली असते.

घर शाकाहारी आहे. कुत्र्यालाही पूर्ण शाकाहारी ठेवता येईल का?

येईल, पण तुमच्या ताटातलं काढून देऊन नव्हे. ब्रिटिश व्हेटर्नरी असोसिएशननं 2024 मध्ये, पोषणदृष्ट्या परिपूर्ण असेल तर अशा आहाराला असलेला आपला विरोध सोडला. ‘परिपूर्ण असेल तर’ हे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

अडचणी कुठे येतात ते सांगते. कुत्र्याला 10 अमिनो आम्लं अन्नातूनच मिळावी लागतात. सोयाबीनची प्रथिनं चांगली, पण मेथिओनिन कमी. आणि मेथिओनिन, सिस्टीन यांच्यापासूनच कुत्रा टॉरिन बनवतो, जे हृदयाला लागतं. म्हणून शाकाहारी खाद्यात मेथिओनिन, आणि बहुधा टॉरिनही, वेगळं घालतात. ब12 झाडांत नसतंच. स्पिरुलिनाच्या (निळ्या-हिरव्या शेवाळाच्या भुकटीच्या) डब्यावर ब12 लिहिलेलं असतं, पण त्यातलं बरंचसं शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असतं. ड जीवनसत्त्व कुत्रा उन्हात बसून पुरेसं बनवू शकत नाही, त्याला ते खाण्यातूनच हवं. इथे एक बाब सोपी आहे: कुत्र्याला झाडांतल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवता येतं.

जस्ताचं गणित चकवणारं आहे. धान्य आणि कडधान्यांत जस्त असतं, पण त्यांतलंच फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. कागदावर भरपूर, अंगाला कमी. नाकाभोवती, डोळ्यांभोवती, पंजांच्या गादीवर खपल्या धरायला लागल्या तर जस्ताची शंका घ्यावी. हस्की आणि मॅलम्यूट यांना हा त्रास जास्त. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी फायटेट कमी होतं.

शिवाय वनस्पतिजन्य आहारानं लघवी अल्कलीकडे झुकते आणि काही कुत्र्यांत खडे धरायला ते निमित्त होतं. वर्षातून दोनदा लघवी आणि रक्त तपासून घ्या.

आता पुराव्याबद्दल. 2022 मध्ये अडीच हजारांवर कुत्र्यांच्या मालकांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं, त्यात वीगन खाणाऱ्या कुत्र्यांची तब्येत बरी दिसली. पण तब्येत कशी आहे हे मालकांनीच भरलेलं होतं. आपण मन लावून जे खाऊ घालतो त्यानं कुत्रा छानच दिसतो आपल्याला. मला विचाराल तर तयार, परिपूर्ण शाकाहारी खाद्य निवडा. घरी शून्यापासून जमवायच्या भानगडीत पडू नका.

मटार-मसूर असलेल्या खाद्यानं हृदयविकार होतो, हे खरं का?

जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) सावधगिरीची सूचना काढली होती. धान्यविरहित, पण मटार, मसूर किंवा बटाटे घटकांच्या यादीत फार वर असलेलं खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदयाचा स्नायू पातळ होऊन ते फुगण्याचा आजार आढळत होता, आणि ज्या जातींत तो सहसा होत नाही अशाही जाती त्यात होत्या. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झाला नाही. डिसेंबर 2022 मध्ये एफडीएनं सांगितलं की ठोस नवी माहिती येईपर्यंत आता नियमित अहवाल देणार नाही. मुद्दा मिटला असं नाही, थांबला आहे. अधूनमधून शिजवलेल्या मसुराचा एक चमचा म्हणजे तो प्रकार नव्हे. पण धान्याची ऍलर्जी सिद्ध झालेली नसताना केवळ ‘धान्य नको’ म्हणून कडधान्यांनी भरलेलं खाद्य आणायचं कारण मला तरी दिसत नाही.

केसांसाठी जवस द्यावं का? माशाच्या तेलाइतका त्याचा उपयोग होतो का?

केस आणि त्वचेला थोडा होतो, सांधे आणि किडनीसाठी नाही. कारण असं: जवसात जवळपास 40 टक्के तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3 चा झाडातला प्रकार. शरीराला दाह कमी करायला लागतात ते ओमेगा-3 चे दुसरे दोन प्रकार, ईपीए आणि डीएचए. कुत्रा एकातून दुसरं बनवतो, पण अगदी थोडं. म्हणजे कितीही जवस घातलं तरी माशाच्या तेलाची बरोबरी होत नाही.

मासा नको असेल तर शेवाळाचं तेल घ्या. मासा तरी डीएचए कुठून आणतो? शेवाळातूनच. आपण मधला दलाल वगळायचा, एवढंच. डब्यावर ‘ओमेगा 3-6-9’ असं गोड गोड लिहिलेलं असतं तिकडे लक्ष देऊ नका, ईपीए आणि डीएचए किती मिलिग्रॅम ते शोधा. ओमेगा-6 बहुतेक खाद्यात आधीच पुरेसं असतं आणि 9 ची वेगळी गरज नाही.

जवस द्यायचंच असेल तर ताजं दळून. पहिल्या वर्षी मी आमच्या भुऱ्याला अख्खं जवस घालत होते. दुसऱ्या दिवशी मैदानात पिशवी घेऊन वाकले तर तपकिरी दाणे तसेच्या तसे, तुकतुकीत, जणू पेरायला ठेवलेले. तेव्हापासून आठवड्यापुरतंच दळते आणि फ्रीजमध्ये, झाकणाच्या बरणीत ठेवते. जवसाचं तेल फार लवकर खवट होतं. बाटली उघडल्यावर जुन्या रंगासारखा वास आला तर टाकून द्या. दळलेलं असो की तेल, पाव चमच्यापासून सुरुवात करा, नाहीतर पोट ढिलं होईल. ज्याला स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला आहे त्याला कुठलंही तेल विचारल्याशिवाय नको, नारळाचं तर नकोच.

पोट बिघडलं की भोपळा आणि इसबगोल देतात. कुठल्याला काय?

गंमत अशी की दोन्ही दोन्ही बाजूंनी काम करतात. इसबगोलाचा भुसा पाणी धरतो, म्हणून कडक शी मऊ होते आणि पातळ शी घट्ट होते. लाल भोपळा सौम्य आहे. नुसता उकडून, कुस्करून द्यायचा, मीठ-साखर-मसाला काही नाही. लहान कुत्र्याला एक चमचा, मोठ्याला दोन-तीन मोठे चमचे.

इसबगोल कोरडं कधीही घालू नका. एकदा घाईत मी कोरड्या खाद्यावर भुरभुरलं. भुऱ्यानं दोन घास घेतले, आणि उरलेलं पाचच मिनिटांत वाटीच्या बुडाला राखाडी चिकट गोळा होऊन बसलं. बोटानं ओढलं तर दोरीसारखं ताणलं जात होतं. तोच गोळा घशात किंवा आतड्यात झाला असता तर? तेव्हापासून आधी पाण्यात भिजवते, दहा मिनिटं फुगू देते, मग खाण्यात कालवते, आणि शेजारी पाण्याचं भांडं भरून ठेवते.

उलट्या होत असतील, शी मध्ये रक्त असेल, कुत्रा मलूल असेल किंवा पिल्लू असेल तर भोपळ्याच्या नादी लागून दिवस घालवू नका.

चिकोरी, इन्युलिन, बीटचा चोथा: खाद्याच्या यादीत हे भराव म्हणून घालतात का?

बीटचा चोथा उगाच बदनाम आहे. साखर काढून घेतल्यावर उरलेले ते तंतू, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते मध्यम वेगानं आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारी छोटी मेदाम्लं तयार होतात. चिकोरीच्या मुळातले इन्युलिन नावाचे तंतू त्याहून वेगानं आंबतात, म्हणून थोडेसेच बरे. जास्त झालं की वायू. सोफ्यावर शेजारी बसणाऱ्याला लगेच कळतं.

हळद?

प्रश्न एका शब्दाचा, उत्तर तेवढं सोपं नाही. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याच्या गुणांचा गाजावाजा होतो ते द्रव्य, सुमारे 3 टक्के, आणि त्यातलंही आतड्यातून रक्तात फार कमी जातं. प्रयोगशाळेतल्या पेशींवर जे चमत्कार दिसतात ते चिमूटभर हळदीतून कुत्र्याच्या गुडघ्यापर्यंत पोचतात असं मानायला आधार नाही. मिरीतल्या पायपेरिननं शोषण वाढतं, हे खरं. पण ते बाकीच्या औषधांचंही वाढू शकतं, हे कोणी सांगत नाही.

चिमूटभर हळदीनं धडधाकट कुत्र्याचं नुकसान होत नाही. पित्ताशयाचा त्रास, ऑक्झलेटचे खडे, रक्त पातळ करणारी किंवा दाहशामक औषधं यांपैकी काही असेल तर मात्र देऊ नका. आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला महिनाभर हळद देत बसलात तर त्या महिन्यात वेदनाशामकाविना तो दुखणं काढतो, हा हळदीचा खरा तोटा.

मग सांध्यांसाठी वनस्पतींत काहीच नाही?

सालई गुग्गुळ, म्हणजे बोस्वेलियाचा डिंक, थोडा विचार करण्याजोगा आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 29 कुत्र्यांना सहा आठवडे तो दिला गेला आणि बऱ्याच जणांचं लंगडणं कमी झालं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधता येत नाही. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात, आंबवून बनवलेलं शाकाहारीही मिळतं. पुरावा दोन्हींचा संमिश्र. जाड कुत्र्याचं वजन उतरवणं या सगळ्यांपेक्षा सरस, पण वजन डब्यात मिळत नाही म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

स्पिरुलिना आणि केल्प?

स्पिरुलिना: प्रथिनं आहेत, पण चमच्यात मावतील तेवढीच. निळ्या-हिरव्या शेवाळात यकृताला घातक मायक्रोसिस्टिन मिसळलेलं असू शकतं, म्हणून तपासणीचा अहवाल देणाऱ्या उत्पादकाचीच घ्या.

केल्प (एक मोठं समुद्री शेवाळ): आयोडीन प्रचंड, आणि प्रत्येक खेपेत वेगळं. थायरॉइडचं औषध चालू असेल तर बिलकूल नको.

पिसवा जाव्यात म्हणून लसूण देतात. देऊ का?

नाही. कांदा, लसूण, लीक एकाच कुळातले. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कांद्याच्या बाबतीत दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम खाल्ल्यावर रक्तात ठळक बदल दिसतात, आणि रोज थोडं थोडं दिल्यानंही परिणाम साठत जातो. शिजवून, वाळवून, पूड करून विष जात नाही, उलट पूड जास्त दाट. लक्षणं त्याच दिवशी दिसतील असंही नाही: तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट, लघवी गडद. आणि एवढं करून पिसवा तिथेच असतात.

ब्रूअर्स यीस्टनं तरी पिसवा पळतात का?

नाही. ब गटाची जीवनसत्त्वं मिळतात, चव आवडते, इतकंच. डाल्मेशियनला यीस्ट देऊ नका. त्यात प्युरिन भरपूर आणि या जातीला मुळातच युरेटचे मूतखडे होतात.

क जीवनसत्त्व?

कुत्रा ते स्वतःच्या यकृतात बनवतो. नको.

माझीच ओमेगा किंवा मल्टिव्हिटॅमिनची गोळी दिली तर?

इथे मी कडक आहे. चघळायच्या गोळ्यांत, गमीत, साखरविरहित सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असू शकतं. ते बर्चच्या झाडापासूनही बनतं, म्हणून ‘नैसर्गिक’ म्हणून छापायला हरकत नसते. कुत्र्यात दर किलो वजनामागे 0.1 ग्रॅमनं रक्तातली साखर कोसळू शकते, कधीकधी अर्ध्या तासाच्या आत. 0.5 ग्रॅमच्या पुढे यकृत धोक्यात. शेंगदाण्याच्या बटरचीही यादी वाचा, गोळी त्यात लपवून देणारे बरेच असतात.

आणखी: ग्रीन टीचा अर्क, ग्वाराना (दोन्हींत कॅफीन), द्राक्षं आणि मनुका असलेलं काहीही, कोकोवालं ‘सुपरफूड’. उपाशी कुत्र्यांना ग्रीन टीचा अर्क मोठ्या मात्रेत दिलेला एक प्रयोग कुत्री मरू लागल्यानं आधीच थांबवावा लागला होता. चुकून खाल्लं तर डबा हातात घेऊन डॉक्टरांना फोन करा. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा खटाटोप करू नका.

डबा निवडताना काय बघू?

पुढची बाजू सोडा, मागची वाचा. ‘खास वनौषधी मिश्रण, 500 मिलिग्रॅम’ असं एकत्र लिहून आत काय किती ते लपवलं असेल तर ठेवून द्या. प्रत्येक घटकाचं प्रमाण, खेप क्रमांक, मुदत, उत्पादकाचा पत्ता, आणि कुत्र्याच्या वजनानुसार मात्रा हवी. ‘कर्करोग बरा करतो’ लिहिलेलं असेल तर त्यावर लिहिलेलं बाकी काहीही खरं मानू नका.

पंधरा घटकांपेक्षा एका घटकाचा डबा बरा. अंगावर पुरळ उठलं तर कशामुळे ते तरी कळतं.

खाऊ, वरचं खाणं, पूरकं मिळून किती चालतं?

दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत. एक चमचा तेल म्हणजे सुमारे 40 उष्मांक. चार-पाच किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरज तीनशेच्या आसपास. गणित तुम्हीच करा.

औषधं चालू आहेत किंवा शस्त्रक्रिया ठरली आहे.

सगळ्या डब्यांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, ‘ते काय, साधंच आहे’ म्हणून लपवू नका. हळद आणि जास्त मात्रेतलं ओमेगा-3 रक्तस्रावावर परिणाम करू शकतं, म्हणून शस्त्रक्रियेआधी किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा. इसबगोल आणि औषधाची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

पिल्लाला आणि गाभण कुत्रीला?

वनौषधी काहीही नको. पिल्लाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए लागतं, पण चांगल्या पिल्लांच्या खाद्यात ते असतंच. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देणं ही तर हाडं वाकडी करायची रीत आहे.

किती दिवसांत फरक दिसेल?

तंतूंचा दोन-तीन दिवसांत. ओमेगा-3 चा त्वचेवर सहा ते आठ आठवड्यांत, कारण नवे केस आणि नवी त्वचा यायला तेवढा वेळ लागतोच. ‘पी हळद नि हो गोरी’ असं इथे काही नसतं. सुरुवातीला फोटो काढा, वजन लिहा, जिना चढताना छोटा व्हिडिओ घ्या. दोन महिन्यांनी तोच जिना, तोच व्हिडिओ. फरक दिसला नाही तर डबा बंद. मी असे तीन बंद केले आहेत, पैकी एकाचं झाकण आता जवस मोजायला वापरते.

घरात मांजरही आहे आणि ती त्याच वाटीत तोंड घालते.

एखाद-दुसऱ्या चाटण्यानं काही होत नाही. पण तिला टॉरिन आणि अ जीवनसत्त्व तयार स्वरूपातच लागतं, बीटा-कॅरोटीनपासून ती ते बनवू शकत नाही. त्यामुळे कुत्र्याचं खाणं तिचं जेवण होऊ शकत नाही, शाकाहारी तर नाहीच. कांदा-लसणाला ती कुत्र्याहून नाजूक. दोघांना वेगवेगळ्या खोलीत जेवायला घाला, आणि कुत्र्याची वाटी वीस मिनिटांनी उचला, त्यात काही उरलेलं असो वा नसो.